लोकांचा तिसरा हिस्सा : बडोद्याच्या गावोगावच्या वाचनालयांची गोष्ट

गावात नवी इमारत बांधायची म्हटलं की पहिली चर्चा होते ती निधी कुठून आणायचा याची. निधी मिळतो, खोली उभी राहते, नारळ फुटतो, पाटी लागते. ती खोली वाचनालयाची असेल तर पुढचं चित्र आपल्यापैकी बहुतेकांच्या ओळखीचं आहे. किल्ली नक्की कुणाकडे हे कुणालाच ठाऊक नसतं. पहिल्या पावसाळ्यात मागची भिंत ओल धरते, दुसऱ्यात कपाटाखालून वाळवी चढते, आणि चार-पाच वर्षांत पुस्तकांच्या जागी खताची पोती, मंडपाचं सामान दिसायला लागतं. दोष कुणा एकाचा नसतो. इमारत झाली, पण ती चालवायची कुणी आणि कशी, हे कुणी ठरवलेलंच नव्हतं.

हा प्रश्न आजचा नाही. शंभर वर्षांपूर्वी एका संस्थानानं तो नेमका ओळखला होता आणि त्यावर उत्तरही काढलं होतं. ते संस्थान बडोद्याचं, आणि उत्तर काढणारा राजा मूळचा आपल्याच मातीतला.

कवळाण्याचा मुलगा

सयाजीराव गायकवाड यांचं मूळ नाव गोपाळराव. जन्म ११ मार्च १८६३, नाशिक जिल्ह्यात मालेगाव तालुक्यातल्या कवळाणे गावी, शेतकऱ्याच्या घरात. १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी त्यांना दत्तक घेतलं, तोवर त्यांना धड अक्षरओळखही नव्हती. शिक्षण काय करू शकतं हे या राजाला पुस्तकातून कळलं नव्हतं, ते त्यानं स्वतःच्या अंगावर अनुभवलं होतं. १८८१ च्या अखेरीस कारभार हाती आला. १८९३ मध्ये त्यांनी अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू केला.

इथवरचा भाग बऱ्याच जणांना माहीत असतो. पण खरी अडचण पुढेच होती. पोर चौथी शिकून शेतावर गेलं की दोन-चार वर्षांत अक्षरं विसरतं. ज्याला आपण पेरणी झाली पण पाणी नाही म्हणतो, तसाच हा प्रकार. उगवण चांगली झाली म्हणून पीक हाती लागत नाही. शाळेत पेरलेल्या अक्षराला आयुष्यभर ओल मिळावी, म्हणून सयाजीरावांनी वाचनालयांचं काम हाती घेतलं.

१९१० साली त्यांनी अमेरिकेतील न्यू हेवन शहरातले ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बडोद्याला आणलं. बॉर्डन तीन वर्षं राहिले. तेवढ्या काळात त्यांनी संस्थानाचं ग्रंथालय खातं उभं केलं, बडोद्याचं मध्यवर्ती ग्रंथालय मांडून दिलं आणि १९११ मध्ये ग्रंथपालांसाठी प्रशिक्षण वर्ग सुरू केला. राजवाड्यातला सुमारे वीस हजार पुस्तकांचा खासगी संग्रह सयाजीरावांनी या मध्यवर्ती ग्रंथालयाला देऊन टाकला. १९१२ पासून 'लायब्ररी मिसेलनी' नावाचं नियतकालिक निघू लागलं, तेही इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत.

तीन हिश्शांचा हिशेब

शहरात मोठं ग्रंथालय बांधणं हे राजाला अवघड नव्हतं. अवघड होतं ते कसब्यात आणि खेड्यात पोचणं. इथे बडोद्यानं जी पद्धत घातली ती आजच्या सरपंचांनी आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी नीट समजून घ्यावी अशी आहे.

नियम साधा होता. वाचनालयासाठी गावकऱ्यांनी वर्गणीतून जेवढी रक्कम जमवायची, तेवढीच प्रांत पंचायतीनं घालायची आणि तेवढीच सरकारनं. एक हिस्सा लोकांचा, एक पंचायतीचा, एक सरकारचा. गाव मोठं की लहान यावर वरची मर्यादा ठरलेली असे. इमारतीलाही हाच हिशेब. गावानं आपला तिसरा हिस्सा उभा केल्याशिवाय बाकीचे दोन हिस्से हलत नसत.

वरवर पाहता ही सरकारची काटकसर वाटेल. पण यामागे माणसाच्या स्वभावाची पारख होती. ज्यानं घरातून रुपया काढून दिला, तो वाचनालय उघडं आहे की बंद हे जाता-येता बघतो. कुलूप दिसलं तर विचारतो. दरवर्षी वर्गणी गोळा करायची म्हटल्यावर कारभाऱ्यांना दरवर्षी लोकांपुढे उभं राहावं लागतं, आणि हिशेब दिल्याशिवाय कुणी वर्गणी देत नाही. म्हणजे देखरेखीची यंत्रणा वेगळी नेमावी लागत नाही, ती वर्गणीतच असते. दोन दशकांत त्या संस्थानात शेकडो गावांतून वाचनालयं उभी राहिली.

ज्या गावाला तेवढंही जमत नसे, तिथे पेटी जात असे. फिरत्या ग्रंथालयाची ही लाकडी पेटी, आत निवडक पुस्तकं. मध्यवर्ती कचेरीतून ती रेल्वेनं, पुढे मिळेल त्या वाहनानं गावात यायची. शिक्षक किंवा कुणी जबाबदार माणूस ती ताब्यात घ्यायचा, पुस्तकं वाटायचा, ठराविक मुदतीनं परत पाठवायचा आणि बदली पेटी मागवायचा. वाचकाला फी नाही, जाण्यायेण्याचं भाडंही सरकारचं. ज्यांना वाचताच येत नव्हतं त्यांच्यासाठी खात्याची वेगळी शाखा होती, ती चित्रं आणि सिनेमायंत्र घेऊन खेड्यात जात असे. विस्ताराचं काम करणाऱ्या आम्हा लोकांना हे वाचून नवल वाटतं. शेतकऱ्याला आधी दाखवा, मग सांगा, हे आम्हाला पदविकेच्या वर्गात शिकवलं गेलं. बडोद्याची माणसं तेच काम कधीच करून मोकळी झाली होती.

या कामात मोतीभाई अमीन यांचं नाव घ्यायलाच हवं. ते शिक्षक होते आणि संस्थानाची योजना येण्याआधीपासून मित्रमंडळांच्या मार्फत खेड्यांतून वाचनालयं चालवत होते. पुढे सरकारनं त्यांनाच खात्यात घेतलं. आधी लोकांमधला माणूस हेरायचा आणि त्याच्या भोवती योजना बांधायची, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. आपल्याकडे बऱ्याचदा तो उलटा होतो.

१९३९ मध्ये सयाजीराव गेले. १९४९ मध्ये बडोदा मुंबई राज्यात विलीन झालं, आणि १९६० पासून तो भाग गुजरातमध्ये आहे. पण योजनेचा गाभा कुठल्याही गावाला उचलता येईल असा आहे.

इमारत सांगते ती गोष्ट

आता इमारतीकडे वळू. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयाची मांडणी पाहण्यासारखी आहे. पुस्तकांच्या भागात लाकूड जवळजवळ नाही. लोखंडी मांडण्या एकावर एक मजल्यांनी चढवल्या आहेत आणि मधल्या मजल्यांची जमीन जाड काचेची आहे. वरून आलेला उजेड काचेतून झिरपत खालच्या मांडणीपर्यंत पोचतो. वीज बेभरवशाची असतानाच्या काळात भर दिवसा दिवा न लावता पुस्तक सापडावं आणि आगीचं भय राहू नये, हे दोन्ही हेतू त्यात साधले. महिलांसाठी आणि मुलांसाठी वेगळी दालनंही तिथे पहिल्यापासून होती.

त्याच सुमारास अमेरिकेत अँड्र्यू कार्नेगी हा उद्योगपती लहान लहान गावांना वाचनालयाच्या इमारतीसाठी पैसे देत होता. जगभरात अशा अडीच हजारांवर इमारती उभ्या राहिल्या. त्याची अटही बडोद्यासारखीच होती. जागा गावानं द्यायची, आणि इमारतीला जेवढी रक्कम मिळाली तिच्या दहा टक्के रक्कम दरवर्षी चालू खर्चासाठी स्वतःच्या करातून द्यायची. आधी खर्चाचा ठराव, मग पैसे. १९११ मध्ये त्याच्या कचेरीनं लहान इमारतींसाठी सूचनापत्रक काढलं. त्याचा सारांश असा की शोभेच्या घुमटावर आणि खांबांवर पैसा घालवू नका. एकच मोठी खोली ठेवा, गरज पडली तर ती मांडण्यांनी विभागा. ग्रंथपालाचं टेबल अशा जागी ठेवा की एका माणसाला बसल्या जागेवरून सगळी खोली दिसेल. मागच्या भिंतीच्या खिडक्या जमिनीपासून सहा-सात फूट उंचीवर घ्या, म्हणजे खाली भिंतभर पुस्तकं बसतील आणि उजेड वरून येईल.

या सूचना साध्या वाटतात, पण प्रत्येकीमागे पैशाचा हिशेब आहे. चार छोट्या खोल्या बांधल्या तर चार ठिकाणी लक्ष ठेवायला माणसं लागतात. एक खोली एक माणूस सांभाळतो. खेड्यातलं वाचनालय टिकतं की बुडतं ते पुष्कळदा या एका गोष्टीवर ठरतं.

आपल्याकडे काय घडलं

महाराष्ट्रातली परंपराही जुनी आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ पासूनचं, सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर १८५२ चं. कोल्हापूर संस्थानानं १९४५ मध्येच ग्रंथालयाचा कायदा केला होता. राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा, अंमल १ मे १९६८ पासून. या कायद्यानं एक वेगळी वाट धरली. तमिळनाडूसारख्या राज्यात घरपट्टीबरोबर ग्रंथालय उपकर घेतला जातो. आपल्या कायद्यात तसा कर नाही. वाचनालय लोकांच्या नोंदणीकृत संस्थेनं चालवायचं आणि सरकारनं अ, ब, क, ड अशा वर्गवारीप्रमाणे अनुदान द्यायचं, अशी आपली पद्धत.

या पद्धतीचा फायदा असा की कारभार लोकांच्या हातात राहिला. तोटा असा की लोकांच्या वर्गणीचा हिस्सा हळूहळू आटत गेला आणि सगळा भार अनुदानावर पडला. २०१२ मध्ये राज्यभर ग्रंथालयांची पडताळणी झाली, तेव्हा कागदावरची आणि प्रत्यक्षातली वाचनालयं यांतला फरक चव्हाट्यावर आला. २०२२ मध्ये अनुदानात ६० टक्के वाढ झाली, ती गरजेचीच होती. पण अनुदान हा तीन पायांच्या तिवईचा एक पाय आहे. उरलेले दोन पाय, म्हणजे पंचायत आणि लोक, नसतील तर तिवई उभी राहत नाही.

पुस्तकांचं कोठार

धान्य साठवणीबद्दल आम्ही शेतकऱ्यांना वर्षानुवर्षं सांगत आलो. धान्यातला ओलावा दहा-बारा टक्क्यांपर्यंत उतरू द्या, पोती जमिनीला आणि भिंतीला टेकवू नका, हवा खेळती ठेवा, उंदीर-घुशींची बिळं बुजवा. पुस्तकाचे शत्रू अगदी तेच आहेत. ओल, बुरशी, वाळवी, कसर आणि उंदीर. हवेतली आर्द्रता पासष्ट-सत्तर टक्क्यांच्या वर सलग राहिली की कागदावर बुरशी धरते. तेव्हा ज्याला कोठार बांधता येतं त्याला वाचनालय बांधता येतं. बांधताना एवढं पाहा.

जागा : चढाची, पाणी न साचणारी. जोतं निदान दोन फूट, काळ्या जमिनीत पाया इंजिनिअरच्या सल्ल्यानंच. पाया भरतानाच वाळवीप्रतिबंधक प्रक्रिया करून घ्या. नंतर करायची तर फरशी फोडावी लागते.

दिशा : दुपाखी कांदाचाळ आपण पूर्व-पश्चिम लांब ठेवतो, तशीच ही खोली ठेवा. मोठ्या खिडक्या उत्तर-दक्षिण समोरासमोर. पश्चिमेचं ऊन पुस्तकांची पानं पिवळी करतं आणि पावसाचा माराही बहुधा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून त्या बाजूला खिडकी कमी, छज्जा मोठा, आणि पुस्तकांचं कपाट त्या भिंतीला कधीच नको.

रुंदी : खोली फार रुंद नको. सोळा-अठरा फुटांपर्यंत असली तर दोन्हीकडचा उजेड मधोमध पोचतो आणि हवा आरपार जाते.

मजला : वाचनालय तळमजल्यावरच. पुस्तकं फार जड. राहत्या घराच्या स्लॅबवर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरतात, पुस्तकांच्या मांडणीच्या खोलीला ६०० किलो धरावा लागतो. ग्रामपंचायतीच्या जुन्या इमारतीवर वरची खोली रिकामी आहे म्हणून तिथे कपाटं चढवणं धोक्याचं आहे. शिवाय जिना चढून म्हातारी माणसं येत नाहीत. दाराशी पायऱ्यांबरोबर उतरण हवी.

मांडणी : लोखंडी, जमिनीपासून आणि भिंतीपासून अर्धा फूट सुटी. भिंतीला चिकटवलेलं लाकडी कपाट म्हणजे वाळवीला आमंत्रण.

पडवी : हा भाग खर्च वाचवण्यासाठी सगळ्यात आधी कापला जातो, आणि तोच सगळ्यात जास्त वापरला जातो. वर्तमानपत्राचं टेबल पडवीत ठेवा. दुपारी शेतावरून येणारा माणूस चिखलाच्या पायांनी आत यायला संकोचतो. पडवीत मात्र तो सहज टेकतो.

औषधांबद्दल एक कळकळीची सूचना. पूर्वी काही ठिकाणी पुस्तकांत बीएचसी पावडर भुरभुरत असत. त्या औषधावर १९९७ पासून बंदी आहे. जुन्या गठ्ठ्यांत अशी पावडर आढळली तर उघड्या हातानं झटकू नका. तसंच धान्यात टाकायच्या विषारी गॅसच्या गोळ्या वाचनालयात कधीही ठेवू नयेत. बंद खोलीत तो वायू माणसाचा जीव घेतो. पावसाळा संपल्यावर कोरड्या दिवशी कपाटं उघडून पुस्तकांना वारा देणं, धूळ झटकणं आणि महिन्यातून एकदा वाळवीच्या मातीच्या रेघा शोधणं, यानं निम्मं काम होतं.

मोबाइल आहे, मग वाचनालय कशाला?

हा प्रश्न गावात हमखास विचारला जातो आणि तो गैर नाही. बाजारभाव, हवामान, सातबारा मोबाइलवर मिळतो. पण आज वाचनालयात येणारा पहिला वाचक कोण आहे ते पाहा. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं-मुली. दोन खोल्यांच्या घरात, टीव्ही चालू असताना अभ्यास होत नाही. त्यांना शांत जागा, उजेड आणि टेबल हवं. शहरातल्या अभ्यासिकेचं मासिक भाडं ज्याला परवडत नाही त्या शेतमजुराच्या मुलीसाठी गावातली ही एक खोली म्हणजे शिकणं चालू राहणं किंवा सुटणं यातला फरक आहे.

दुसरं, शेतीचं ज्ञान हे केवळ आजच्या बातमीचं नसतं. कृषी खात्याचं 'शेतकरी' मासिक, कृषी विद्यापीठांच्या दैनंदिन्या, जिल्ह्याच्या वर्तमानपत्राच्या फायली जिथे जपल्या आहेत, तिथे १९७२ च्या दुष्काळात आपल्या भागात काय घडलं, कुठली विहीर आटली नाही, कुठल्या वाणानं तग धरला, हे शोधता येतं. मोबाइलवर जगभराची माहिती असते, आपल्या शिवाराची फारशी नसते. ती फाईल वाळवीनं खाल्ली की परत छापली जात नाही.

गावानं काय करावं

आता हिशेब मांडू. समजा खोलीला तीन लाख रुपये लागतात. बडोद्याच्या रीतीनं लोकांचा हिस्सा एक लाख. गावात चारशे उंबरे असतील तर घरटी अडीचशे रुपये. ज्याला पैसे देणं शक्य नाही त्यानं दोन दिवसांचं श्रमदान द्यावं, कुणी वाळूची खेप, कुणी ट्रॅक्टर. कार्नेगीच्या नियमानं वर्षाला दहा टक्के, म्हणजे तीस हजार रुपये चालू खर्चाला. ही तरतूद कुठून होणार याचा ठराव ग्रामसभेत बांधकामाच्या ठरावाआधी घ्यावा. ग्रामपंचायतीच्या कामांच्या यादीत वाचनालयाचा समावेश आहे, त्यामुळे तरतूद करायला अडचण नाही. पुस्तकं आणि इमारत यासाठी केंद्राच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजना आहेत. चालू वर्षाच्या अटी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचाराव्यात.

जिथे खोली आहे पण बंद आहे, तिथे नवं बांधकाम नकोच. छपराची गळती काढा, एक जबाबदार माणूस नेमा, उघडण्याची वेळ दारावर रंगवा आणि वर्षाचा जमाखर्च त्याच दारावर लावा. शेजारची चार छोटी गावं एकत्र येऊन पेटीची पद्धत आजही चालवू शकतात. शंभर पुस्तकं चार पेट्यांत वाटली आणि दर तीन महिन्यांनी फिरवली तर प्रत्येक गावाला वर्षभरात शंभरही पुस्तकं वाचायला मिळतात. खर्च म्हणाल तर दुधाच्या गाडीवरून एक पेटी नेण्याएवढा.

सरकारचा हिस्सा कधी वेळेवर येईल, कधी उशिरा. पंचायतीचा हिस्सा सदस्य बदलले की कमी-जास्त होईल. गावाच्या हातात आहे तो तिसरा हिस्सा. येत्या ग्रामसभेत विषयपत्रिकेवर वाचनालयाचा विषय घ्या आणि पहिला प्रश्न एवढाच विचारा, की किल्ली कुणाकडे आहे?